‘ळ’ कुठे आहे, ते बोटांना विचारा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनींनी एक जाहिरात टाकली. ‘अंतर्मनाची अफाट शक्ती जागी करा! तुमच्या मेंदूचा ९० टक्के भाग झोपलेला आहे!’ रविवारी सकाळी दोन तासांचा वेबिनार, फी ९९ रुपये, आणि पहिल्या शंभर जणांना रात्री झोपेत ऐकायचा ऑडिओ फुकट. मोबाइल उघडला की हल्ली असलं काहीतरी समोर येतंच. कोट घातलेला कुणी गृहस्थ अंतर्मनाला आज्ञा कशा सोडायच्या ते शिकवत असतो. वहिनींना हे हवं होतं सायलीसाठी. सायली माझी पुतणी. तिची मराठी ३० ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, टायपिंगची परीक्षा तोंडावर आलेली, आणि स्पीड सव्वीसच्या वर सरकेना.

‘काका, खरंच असं असतं का हो? अंतर्मनाला सांगितलं की स्पीड वाढतो?’

मी तिला उलट विचारलं, ‘की-बोर्डवर ळ कुठे आहे?’

ती क्षणभर गप्प झाली. मग डाव्या करंगळीने हवेतच शिफ्ट दाबली, उजव्या हाताची तर्जनी खाली सरकली. ‘इथे,’ म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. कारण समोर की-बोर्ड नव्हता, सोलायला घेतलेल्या मटारच्या शेंगा होत्या.

तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बोटांनी देऊन टाकलं होतं. अंतर्मन नावाचं काहीतरी असतं, आणि ते थक्क करणारी कामं करतं, यात वाद नाही. पण ते दिव्यातून निघणारा राक्षस नव्हे. आपल्याच हाताखाली उमेदवारी करून तयार झालेला तो कारागीर आहे. त्याच्याकडून जे पुन्हापुन्हा करून घेतलं तेवढंच त्याला येतं. चुकीचं करून घेतलं असेल, तर चुकीचंही तो तितक्याच सफाईने करतो.

आधी शब्दांचा घोळ

अंतर्मन, सुप्त मन, अबोध मन हे शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. फ्रॉइड जे म्हणत होता ते वेगळं. त्याचं अबोध मन म्हणजे दडपलेल्या इच्छा आणि जुन्या भीती यांचं तळघर. त्या तळघरात आज आपल्याला उतरायचं नाही. मेंदूत चालू असलेलं पण आपल्या ध्यानात न येणारं साधं रोजचं काम, एवढ्याच अर्थाने मी इथे अंतर्मन म्हणतोय.

आणखी एकच पारिभाषिक शब्द लागेल: प्रक्रियात्मक स्मृती. एखादी गोष्ट ‘कशी करायची’ याची आठवण. सायकल चालवणं, विणकाम, तबल्यावर तिरकिट वाजवणं. मी तिला ‘हाताची आठवण’ म्हणेन. तिच्या समोर असते ती ‘तोंडाची आठवण’, म्हणजे विचारलं की सांगता येते ती: लग्नाची तारीख, शिवनेरी कुठल्या जिल्ह्यात आहे, काल भाजी कसली होती.

आणि त्या नव्वद टक्क्यांचं जाता जाता उरकून टाकू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते बसून असलो तरी शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. दहापैकी नऊ खोल्यांना कुलूप असलेल्या घराचं वीजबिल एवढं येत नसतं. मेंदूच्या कुठल्या भागाला इजा झाली की काही ना काही बिघडतंच, हे तर पक्षाघाताचा रुग्ण घरात असलेल्या कुणालाही सांगायला नको.

आठवण गेली, पण हात शिकला

या दोन आठवणी खरोखर वेगळ्या आहेत हे कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनला अपस्माराचे भयंकर झटके यायचे. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराचसा तुकडा गेला. झटके कमी झाले. मात्र त्यानंतर हेन्रीला नवं काही लक्षात राहीना. बुद्धी शाबूत, बोलणं व्यवस्थित, बालपणही आठवायचं; पण आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की हेन्रीसाठी तो नवाच.

मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी छापलेली. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट बघायचं नाही, आरशात बघून फिरवायची. करून पाहा, वैताग येतो. डावं उजवं नव्हे, वरखाली उलटं होतं, आणि कोपऱ्यावर आलं की हात भलतीकडेच जातो. हेन्रीचंही पहिल्या दिवशी तेच झालं. तीन दिवस त्याच्याकडून हे करून घेतलं. दरवेळी त्याच्या लेखी हे काम आयुष्यात प्रथमच करायचं होतं. तरी तिसऱ्या दिवशी पेन्सिल रेघांमधून झकास फिरत होती, आणि इतकं सोपं कसं गेलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

डोक्याला पत्ता नाही, आणि हात शिकून मोकळा! तोंडाच्या आठवणीचं दप्तर जळून गेलं होतं. हाताच्या आठवणीचं दप्तर दुसऱ्याच खोलीत होतं, ते वाचलं. २००८ मध्ये हेन्री वारला तोवर जगाला तो फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी माहीत होता. मेंदूच्या अभ्यासात इतक्या लोकांनी इतकी वर्षं ज्याला प्रश्न विचारले असा दुसरा माणूस सापडणं कठीण, आणि त्यातलं काहीच त्याला आठवत नव्हतं, ही मला नेहमी चटका लावणारी गोष्ट वाटते.

ते दुसरं दप्तर कुठे असतं? मुख्यतः मेंदूच्या खोल गाभ्यात असलेल्या पेशीपुंजांत, ज्यांना बेसल गँग्लिया म्हणतात, आणि मागच्या बाजूच्या लहान मेंदूत. शाळेत आपण ‘लहान मेंदू तोल सांभाळतो’ एवढंच पाठ केलं होतं. तोल हा त्याच्या कामाचा एक भाग. हात टाकला कुठे आणि पडला कुठे यातला फरक मोजून पुढच्या वेळी दुरुस्ती करणं, हे त्याचं मोठं काम.

भाकरी कुठे मुरते

आता वहिनींच्या ओट्यापाशी येऊ. सायली भाकरी शिकत होती तेव्हाची गोष्ट. पहिल्या दिवशी तिच्या डोक्यात सूचनांची गर्दी. पाणी किती, पीठ किती मळायचं, परातीत खाली कोरडं पीठ किती भुरभुरायचं, कुठला हात थापतो, कुठला कड सावरतो. एकीकडे लक्ष दिलं की दुसरीकडे भेग. भाकरीचा नकाशा तयार व्हायचा, तोही रोज निराळ्या देशाचा.

याचं कारण असं की जाग्या मनाचा ओटा फार लहान असतो. एका वेळी त्यावर चार-पाच भांडी मावतात, सहावं ठेवलं की पहिलं खाली. नवं शिकताना प्रत्येक हालचाल हे एक वेगळं भांडं असतं, म्हणून दमायला होतं. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे मांडले, ते अजूनही वापरले जातात. पहिला, समजून घेत, मनात सूचना घोकत करण्याचा. दुसरा, चुका हेरून कमी करण्याचा. तिसरा, आपोआप होण्याचा. कुठल्या दिवशी आपण दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलो हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

आत काय होत असतं त्याची झलक उंदरांनी दाखवली. अमेरिकेत एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी टीच्या आकाराच्या बोळात सोडत. टोकाला खाऊ. सुरुवातीच्या दिवसांत त्या गाभ्यातल्या पेशी बोळभर, पावलोपावली कुरकुर करत होत्या. सराव झाल्यावर त्या फक्त दोनदा जोरात बोलू लागल्या, निघताना आणि पोचल्यावर. मधला सगळा रस्ता एकच गाठोडं झाला होता. ‘चल’ म्हटलं की गाठोडं उलगडतं, शेवटी ‘झालं’ म्हटलं की बांधलं जातं.

वहिनींच्या भाकरीचं तेच गाठोडं झालंय. त्या थापताना फोनवर आत्याशी भांडू शकतात. पण त्यांचा हात आंधळा चालत नाही, हे इथे नीट बघण्यासारखं आहे. पीठ जुनं झालं, विरी म्हणजे चिकटपणा गेला, की मळताना पहिल्या दोन दाबांत त्यांना कळतं, आणि काही न बोलता त्या गरम पाण्याचं भांडं ओढतात. विचारलं ‘कशावरून?’ तर म्हणतात, ‘हाताला लागतं.’ सरावाने ‘आपोआप’ झालेलं कौशल्य म्हणजे यंत्राची ठोकळेबाज हालचाल, हा गैरसमज म्हणूनच टिकत नाही. त्या गाठोड्यात बारीकसारीक पारख आणि दुरुस्तीसुद्धा बांधलेली असते. फक्त तिचा हिशोब तोंडापर्यंत पोचत नाही.

एका टेबलावर दोन कारकून

तोंडापर्यंत किती पोचत नाही? व्हँडरबिल्ट या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे टायपिंगवरच मोजलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात शंभर जण होते. सरासरी मिनिटाला ७२ शब्द, अचूकता ९४ टक्के, म्हणजे सेकंदाला साधारण सहा वेळा बोट योग्य कळेवर. मग त्यांच्या हाती कोऱ्या की-बोर्डचं चित्र दिलं आणि ८० सेकंदांत अक्षरं भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी १५ अक्षरंच जागेवर पडली.

त्याआधी, २०१० मध्ये, त्याच विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी जास्तच खोडकर प्रयोग केला होता. टायपिस्टने चूक केली की संगणक कधी कधी ती गुपचूप दुरुस्त करून पडद्यावर बरोबर शब्द दाखवायचा. कधी उलट, बरोबर टाइप केलेल्या शब्दात स्वतःच चूक घुसडायचा. टायपिस्टना विचारलं तर ते पडद्यावर दिसेल ते मान्य करायचे. चूक दिसली, ‘माझीच’. बरोबर दिसलं, ‘मीच बरोबर केलं.’ बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढच्या कळेला बोट किंचित अडखळायचं, पडद्यावर सगळं बरोबर दिसत असलं तरी. आणि संगणकाने घुसडलेल्या चुकीची बोटांनी दखलच घेतली नाही.

एका टेबलावर दोन कारकून बसलेत असं समजा. मोठा कारकून मजकूर वाचतो, काय लिहायचं ठरवतो आणि तयार झालेला कागद तपासतो. धाकटा फक्त कळा दाबतो, आणि कळ चुकली की त्याची त्यालाच कळते. दोघांची बढती-बदली वेगळी, हजेरीपट वेगळा. मोठ्याला धाकट्याच्या कामाची रीत माहीत नाही, धाकट्याला पत्राचा अर्थ माहीत नाही. आणि साहेबाकडे शाबासकी घ्यायला नेहमी मोठाच जातो.

वेलांटी आधी की अक्षर आधी

धाकटा कारकून हट्टीही असतो. हे मी स्वतः भोगलंय.

मी टायपिंग शिकलो तालुक्याच्या गावी, एका जिन्याखालच्या इन्स्टिट्यूटमध्ये. यंत्रं रेमिंग्टनच्या मांडणीची. सर कळांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे, खाली बघितलं की पट्टी. त्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते, कारण कागदावर ती डावीकडे उमटते. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. वर्षानुवर्षं तसंच केलं. पुढे कचेरीत संगणक आले, युनिकोड आलं, आणि फर्मान निघालं की आता इनस्क्रिप्ट ही की-बोर्डची मांडणी. त्यात उच्चाराप्रमाणे चालायचं: आधी क, मग वेलांटी. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात मला हे पूर्ण समजलं. परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

बोटांना काही समजलं नाही. ‘सादर विनंती’ लिहायला गेलो की ‘वि’च्या आधी वेलांटी पडायची, आणि पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्याला लोंबकळणारी वेलांटी. दिवसाला वीस पत्रं, प्रत्येकात एक तरी विनंती. दोन-तीन महिने मी शिकाऊ पोरांपेक्षा हळू होतो. नवशिक्याची पाटी कोरी होती, माझी भरलेली. पुढे सुधारलो, पण आजही घाई असली, वरून कुणी ‘झालं का?’ विचारत उभं असलं, की वेलांटी आधी पडते. जुनी सवय पुसली जात नाही; तिच्या शेजारी नवी उभी राहते, आणि ताण आला की जुनी आधी दार उघडते.

म्हणून सायलीला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही की चुकत चुकत वेगाने मारू नकोस. धाकट्या कारकुनाला कळ चुकल्याचं कळतं, पण शिकताना तो चूक-बरोबर असं निवडत नाही, तिथे फक्त ‘पुन्हा’ चालतं. हातून जे शंभरदा गेलं ते त्याच्या वहीत चढलं.

हे झालं हातांचं. विचार करायचं काय?

हा आक्षेप रास्त आहे. टाइप करणं आणि गणित सोडवणं यात फरक आहेच. पण विचार करणंही बऱ्याच अंशी गाठोड्यांवरच चालतं.

हे वाक्य वाचताना तुम्ही काना-मात्रा जुळवत नाही आहात. शब्द दिसला की अर्थ आला. तो येऊ नये असं ठरवलं तरी येतो. १९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी दाखवलेली गंमत घरी करून बघा. हिरव्या शाईत ‘लाल’ लिहा आणि शाईचा रंग पटकन सांगायला लावा. ज्याला वाचता येतं तो अडखळतोच. बालवाडीतलं मूल अडखळत नाही.

बुद्धिबळात हे जास्त उघड दिसतं. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ‘किती लांबचं डोक्यात ठेवत असेल!’ असं सगळे म्हणाले. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ चा प्रयोग वेगळं सांगतो. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवायचा आणि आठवून मांडायला सांगायचा. मास्टर पहिल्याच नजरेत सोळाच्या आसपास सोंगट्या बरोबर मांडायचा, नवखा चारच. पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की मास्टरची मिजास उतरली, तोही नवख्याच्या रांगेत. स्मरणशक्ती जबर असती तर विखुरलेला पटही लक्षात राहिला असता. त्याला सोंगट्या दिसतच नव्हत्या, आकृत्या दिसत होत्या; जसं आपल्याला ‘म-हा-रा-ष्ट्र’ दिसत नाही, महाराष्ट्र दिसतो. ओटा त्याचाही लहानच. पण त्याच्या एकेका भांड्यात अख्खा स्वयंपाक मावतो.

आपल्या आजोबांच्या पिढीकडे याची फार देखणी सोय होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. सोळा औट छप्पन! बाजारात साडेतीन रुपये भावाने सोळा शेर धान्य घेणारा म्हातारा गुणाकार करतच नव्हता, त्याच्या तोंडून उत्तर पडायचं, आणि रिकामं राहिलेलं डोकं दुकानदाराच्या मापाकडे लागलेलं असायचं. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांचं अर्धं खरं आहे: नुसते पाढे म्हणजे गणित नव्हे. पण पाढेच नसतील तर ओटा गुणाकारानेच भरून जातो, आणि मापात मारलेलं कळत नाही.

आंघोळ करताना सुचतं, ते कुठून?

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८८० च्या सुमाराला ते एका अवघड प्रश्नाशी झटत होते. मग सहलीला निघाले. कूतांस नावाच्या गावी बसगाडीच्या पायरीवर पाय ठेवला, आणि त्या क्षणी, मनात गणिताचा विषयही नसताना, उत्तर लखकन समोर उभं राहिलं. गाडीत बसून ते सोबत्यांशी पुन्हा गप्पा मारू लागले.

वेबिनारवाले इथवरची गोष्ट सांगतात आणि थांबतात. प्वांकारे यांनी स्वतः पुढचं लिहून ठेवलंय: असं सुचण्याआधी जाग्या मनाने दिवसचे दिवस केलेली, वरकरणी वाया गेलेली मेहनत लागते, आणि सुचल्यानंतर पुन्हा जाग्या मनाने बसून ते ताडून बघावं लागतं. त्यांनीही घरी परतल्यावर ते तपासलं होतं. बसगाडीत त्या दिवशी इतरही प्रवासी होते, त्यांना कुणाला गणित सुचलं नाही.

मधल्या काळात आत काय घडतं यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, अंतर्मन खरोखरच जुळवाजुळव करत राहतं. दुसरं म्हणतं, तसं काही नाही. थोडं दूर गेलं की ज्या चुकीच्या वाटेवर आपण हटून बसलो होतो ती वाट विसरायला होते, इतकंच. माझा कल दुसऱ्याकडे थोडा जास्त आहे. शब्दकोडं अडलं की मी वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. परत उघडल्यावर जे सुचतं ते बहुधा सोपं असतं आणि मघाशी मीच त्याच्या आड उभा असतो.

मग मोठे निर्णय अंतर्मनावर सोडावेत?

२००६ मध्ये डच संशोधक आप डायक्स्टरहाऊस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तसंच सुचवलं होतं. गाडी निवडण्यासारख्या, बऱ्याच बाबी असलेल्या निर्णयात विचार करत बसलेल्यांपेक्षा मधल्या वेळात दुसऱ्याच कोड्यात गुंतवलेल्यांनी जास्त चांगली निवड केली, असा निष्कर्ष होता. जगभर मथळे झाले. पुढे इतरांनी तो प्रयोग करून पाहिला, आणि २०१५ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येवर केला तेव्हा तो फायदा दिसला नाही. त्याचे मथळे झाले नाहीत. वेबिनारात अजून २००६ च चालू आहे.

अंदाजावर भरवसा कधी ठेवावा याचं सगळ्यात शहाणं उत्तर मला दोन विरोधकांकडून मिळालं. गॅरी क्लाइन आयुष्यभर अग्निशमन दलातल्या अनुभवी जवानांचा अभ्यास करून अंतःप्रेरणेचं कौतुक करत आले. नोबेल मिळवलेले डॅनियल कानेमन आयुष्यभर तिच्या फसगती दाखवत आले. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला. त्यांच्या मते दोन अटी हव्यात. ज्या क्षेत्रात अंदाज करायचा तिथे काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे माणसाला वारंवार, लवकर कळलेलं हवं.

या दोन चाळण्या लावून पाहा. भाकरी दोन मिनिटांत फुगते किंवा फुगत नाही. म्हणून वहिनींच्या हाताला पीठ कळतं. वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या परिचारिकेला पेशंटकडे बघून ‘याचं काहीतरी बिनसतंय’ वाटलं, तर डॉक्टरांना बोलवावं. पण ‘हा शेअर वर जाणार, आतून वाटतंय’ म्हणणाऱ्या मेहुण्याचं काय? बाजार नियमित नाही, आणि मेहुण्याला बुडालेले शेअर आठवत नाहीत. दहा मिनिटांच्या पोह्यांच्या कार्यक्रमात ‘माणसं चांगली वाटली’ हेही त्याच रांगेतलं. आतला आवाज दोन्हीकडे सारखाच ठाम असतो. त्याच्या ठामपणावरून काही कळत नाही, त्याची उमेदवारी कुठे झाली तेवढंच विचारायचं.

आणि तो झोपेतला ऑडिओ?

१९५७ मध्ये जेम्स व्हायकरी या जाहिरातवाल्याने गाजावाजा केला होता की अमेरिकेतल्या एका चित्रपटगृहात पडद्यावर डोळ्यांना कळणारही नाहीत इतक्या झटकन ‘पॉपकॉर्न खा, कोका-कोला प्या’ अशा ओळी चमकवल्या आणि विक्री धडाक्यात वाढली. अंतर्मनाला परस्पर आज्ञा देता येतात या समजुतीला तिथून बळ आलं. १९६२ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की ते थोतांड होतं. झोपेत माहिती ऐकवून शिकवण्याचे प्रयोगही १९५० च्या दशकातच झाले, मेंदूच्या लहरी मोजत. माणूस खरोखर गाढ झोपेत असेल तर ऐकवलेलं सकाळी त्याला सांगता आलं नाही.

गंमत म्हणजे झोपेचा खरा उपयोग आहे, आणि तो फुकट आहे. जागेपणी जे शिकलो ते मुरायला झोप मदत करते. पण विरजण आधी लावलेलं हवं. रिकाम्या पातेल्यावर रात्रभर झाकण ठेवून सकाळी दही कसं मिळेल?

लक्ष दिलं की बिघडतं, हे खोटं का?

हे मात्र खरं आहे. शायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी गोल्फपटूंवर प्रयोग केले. आपल्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं की नवशिक्यांचा खेळ सुधारला आणि मुरलेल्यांचा बिघडला. मुरलेल्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं तेव्हा ते चांगले खेळले. मोठा कारकून खुर्ची ओढून धाकट्याच्या वहीत डोकं घालतो, गाठोडं सोडून एकेक वस्तू मोजायला लागतो, आणि तिथेच घोळ होतो.

क्रिकेटमध्ये तर मोठ्या कारकुनाला वेळच नसतो. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅकलिओड यांनी फलंदाजांच्या नजरेची हालचाल टिपली. चेंडू सुटताना ते त्याच्याकडे बघतात, आणि मग नजर चेंडू सोडून पुढे उडी मारते, तो जिथे टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. ही उडी कुशल फलंदाज जास्त लवकर मारतो. ‘चेंडूवरची नजर हलवू नको’ असं मैदानावर ओरडणाऱ्या सरांची स्वतःची नजरही खेळताना हलतच असणार. त्यांना ते माहीत नसतं, इतकंच.

मी हे वहिनींवर करून पाहिलं. त्या थापत असताना विचारलं, ‘वहिनी, तुमचा डावा हात आत्ता नेमकं काय करतोय?’

‘काय करतोय म्हणजे? कड…’ त्या बघायला लागल्या, परात फिरायची थांबली, आणि भाकरीला बोटभर भेग गेली. ‘भावजी, तुम्ही असलं काही विचारत जाऊ नका बाई. गोळा परत मळायला लागतो.’

मग सायलीच्या परीक्षेला माझा सल्ला काय झाला? सरावाच्या वेळी सावकाश, नेमकी चूक कुठे होते ते मोठ्या कारकुनाने शोधायचं. तिची होत होती जोडाक्षरांत, ‘ष्ट्र’ आणि ‘क्ष’वर, म्हणून तेवढेच शब्द वेगळे काढून रोज दहा मिनिटं. रात्री जागायचं नाही. आणि परीक्षेला बसल्यावर मजकुरावर डोळा, बोटांची चौकशी बंद. दोन आठवड्यांत तिचा स्पीड बत्तीसला टेकला. वहिनींनी वेबिनारचे ९९ रुपये आधीच भरले होते, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर घरात एकमत नाही.

परवा ती सराव करत होती, मी मागे उभा. बोटं अशी काही पळत होती की राहवलं नाही. ‘बघ, आत्ता ‘महाराष्ट्र’ आला ना, तेव्हा तुझ्या डाव्या करंगळीने…’

खडखडाट थांबला. पडद्यावर ‘महारषा्ट’ असं काहीतरी उमटलं होतं.

‘काका,’ ती मागे न बघता म्हणाली, ‘तुम्ही जरा बाहेर बसता का?’